नातेवाईक साक्षीदार चालणार नाहीत

११ जानेवारी

ठरलं. जगातल्या सर्वांत उंच डोंगराएवढी उंची मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर चढणार. तळमजला ते गच्ची, साठ वर्षांपुढचा गट, सात दिवसांची मुदत. सध्याचा विक्रम कुठल्याशा निवृत्त पोस्टमास्तरच्या नावावर आहे. पेपरात फोटो आला होता, तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. माणसाचं पोट सुटलंय. मागे पायरीवर एक बाई टॉवेल घेऊन बसलेली आलीय. फोटोग्राफरला एवढं कळायला नको?

माझ्या जमेच्या बाजू. चौतीस वर्षं बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. सगळ्या जगाला कुठली गाडी कधी सुटते ते सांगितलं, स्वतः कुठेही गेलो नाही. म्हणजे पाय जवळजवळ न वापरलेले आहेत.

ही डायरी पहिल्या मजल्यावरच्या डेंटिस्टनी दिली. प्रत्येक पानाखाली दातांविषयी एक सूचना छापलीय. विक्रमवीराच्या डायरीला हे शोभत नाही, पण फुकट आहे.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. साखर पूर्ण बंद. बायकोला सांगितलं. ही हसली आणि म्हणाली, बरं.

१२ जानेवारी

पाचला गजर झाला. झोप हा ट्रेनिंगचा अर्धा भाग असतो, म्हणून तो अर्धा भाग आधी पूर्ण केला. नऊला जिन्यावर. पहिली फेरी झकास. दुसऱ्या फेरीत गच्चीवरून दिसणाऱ्या हवामानाचा बराच वेळ अभ्यास केला. तिसरी उद्या.

चहात साखर होती. हिने घातली. मी नको म्हटलं होतं, पण बहुतेक मनातल्या मनात.

१६ जानेवारी

विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या मंडळाची नियमावली आली. मोजणीला दोन साक्षीदार लागतात. आणि ठळक अक्षरांत : नातेवाईक साक्षीदार चालणार नाहीत.

डेंटिस्टना विचारलं. म्हणाले, खऱ्या दिवशी येईन, पण रोजच्या सरावाला पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवून कसा येऊ? वॉचमन एका पायावर तयार आहे, फक्त तो बसला की झोपतो. तेव्हा सरावापुरती हिला घेतली. नियमाच्या दृष्टीने हिच्या साक्षीची किंमत शून्य, पण थर्मास घेऊन येते.

मी स्वतः मोजत नाही. पाचव्या-सहाव्या फेरीला डोक्यात सत्काराचं भाषण सुरू होतं आणि त्यात आकडा हरवतो. घड्याळही काढून ठेवलंय. घड्याळाकडे पाहिलं की जास्त दम लागतो, हे मी स्वतः शोधून काढलंय.

हिची मोजायची पद्धत गावठी आहे, पण चालेल. ही घरी कपडे दुरुस्तीची कामं घेते, पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे वगैरे, त्यामुळे बटणांना तोटा नाही. मांडीवर बिस्किटांचा डबा, पायाशी रिकामं पातेलं. माझी एक फेरी झाली की एक बटण डब्यातून पातेल्यात. टण्ण आवाज येतो. बरं वाटतं.

खुर्ची मी चौथ्या मजल्यावर, आपल्या दाराशी मांडली होती. तर म्हणाली, नको हो, दुसऱ्याच्या वळणावर ठेवा, खालून आले की तिथे बसावंसंच वाटतं. विचार केल्यावर पटलं. दुसरा मजला म्हणजे साधारण मध्य. हिला कधी कधी नेमकं सुचतं.

२४ जानेवारी

आज पंचवीस! पातेल्यातली बटणं ही मोठ्याने मोजत होती आणि मला माझ्याच कानांवर विश्वास बसेना. वाटत होतं जेमतेम डझनभर झाल्या असतील. म्हणजे माझं शरीर माझ्याही पुढे निघून गेलंय. पोस्टमास्तर, आवरतं घ्या.

फेऱ्या पुऱ्या झाल्या चला, असं म्हणून ही लगेच उठली. वर जाताना तिसऱ्यावर कठडा धरून उभी राहिली. मी म्हटलं, बघ, मी पंचवीस करून ताजातवाना आणि तू बसून दमलीस. म्हणाली, हो ना.

३० जानेवारी

एक नामी कल्पना. हिने साक्षीदार म्हणून माहेरच्या नावाने सही करायची! मंडळाला काय कळतंय? एक स्वतंत्र, त्रयस्थ महिला. हिला सांगितलं तर इतकी हसली की खोकला सुरू झाला, आणि तो थांबेना. पाणी दिलं. मग म्हणाली, चाळीस वर्षांनी तुम्हाला मी परकी हवी झाले होय. मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या. पुन्हा हसली, पुन्हा खोकला. शेवटी तो विषय सोडला.

पानाखालची सूचना : हिरड्यांतून रक्त येत असल्यास दुर्लक्ष करू नका. माझ्या हिरड्या ठणठणीत आहेत.

४ फेब्रुवारी

सोसायटीची मीटिंग. डिसेंबरपासून लिफ्ट बंद आहे म्हणून लोक सेक्रेटरीच्या, म्हणजे माझ्या, डोक्यावर बसले. लिफ्टवाल्यांचं म्हणणं, मोटर बदलायची तर चार-पाच आठवडे सामान जिन्यात पडून राहील. जिन्यात! ऐन सरावात! मी भाषण केलं. जिना हे देवाने दिलेलं जिम आहे, असं म्हणालो. टाळ्या पडल्या नाहीत, पण काम मार्चनंतर करायचं असा ठराव झाला. म्हणजे मी लिहिला.

घरी येऊन सांगितलं. ही मशीनवर होती. पाय चालवायची थांबली आणि म्हणाली, मार्चनंतर का? मग पुन्हा शिवायला लागली.

हिची गिऱ्हाइकं हल्ली चार मजले चढायला कुरकुर करतात. कपडे वॉचमनकडे टाकून जातात आणि हीच खाली जाऊन घेऊन येते. तेवढीच हालचाल.

११ फेब्रुवारी

हल्ली ही तीन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपते. वाचायची आवड वाढलीय वाटतं. पुस्तक मात्र दिसलं नाही.

मुलीचा फोन. आईचा आवाज कसातरीच येतोय, डॉक्टरला दाखवा, बाबा. मी म्हटलं, दाखवू. मग तिला माझी प्रगती सांगत होतो, तर म्हणाली, बाबा, मी आईबद्दल बोलतेय. मुलगी बँकेत आहे. तिकडे त्यांना सगळ्याचीच घाई असते.

आज चाळीस फेऱ्या. चाळीस! आणि तेही अकराच्या आत घरी. आणखी चार केल्या असत्या, पण हिने डबा बंद केला.

१९ फेब्रुवारी

नवे बूट घेतले. हिच्यासाठीही चपला घेतल्या, कारण जुन्या पायांत जाईनात. नव्या पण जाईनात. एक नंबर मोठ्या आणून दिल्या. कंपन्या हल्ली मापं लहान काढतात.

ही म्हणाली, विक्रमाच्या आधी दोन दिवस माझ्या ताईकडे जाऊन येऊ या का? एका गाडीचा तर प्रवास. आयुष्यभर त्या गाडीची वेळ तुम्ही लोकांना सांगितलीत. मी म्हटलं, विक्रमानंतर जाऊ. पेपरात फोटो आलेला असेल, ताईंकडे मान किती वाढेल! हिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते नीट दिसलं नाही.

२६ फेब्रुवारी

मुलीने परस्पर डॉक्टरांची वेळ घेतली. तीन मार्च, सकाळी दहा. आणि विक्रमाचा पहिला दिवस कुठला? तीन मार्च, सकाळी नऊ. मंडळाला कळवून झालंय, डेंटिस्टनी पेशंट पुढे ढकललेत. मी भयंकर पेचात पडलो. हिनेच सोडवलं. म्हणाली, डॉक्टर कुठे पळून जातायत, पुढच्या आठवड्यात जाऊ.

हिचा हा समंजसपणा मला फार आवडतो. सत्काराच्या भाषणात एक वाक्य हिच्यावर टाकायचं ठरवलं. शेवटून दुसरं.

४ मार्च, हॉस्पिटल

काल जे झालं ते नीट लिहितो.

नऊला सुरुवात केली. डेंटिस्ट तळमजल्यावर मोजायचं यंत्र घेऊन, वॉचमन गच्चीच्या दाराशी. ही दुसऱ्या मजल्यावर तिच्या खुर्चीत. आज तुझी गरज नाही, असं मी सांगितलं होतं. म्हणाली, माझं मी मोजते, तुमच्या मध्ये येत नाही.

साडेअकराला डेंटिस्टना आकडा विचारला. अठरा. मी हसलो. रोजच्या हिशोबाने चाळीसच्या पुढे हवे होते. यंत्र बिघडलंय म्हटलं. ते म्हणाले, कालच आणलंय. मग माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. त्या तिरीमिरीत वर निघालो. पहिला मजला ओलांडला आणि बटणं दिसली. टप्पे खात पायऱ्यांवरून खाली येत होती. पांढरी, काळी, कोटाची मोठी. मी ओरडलो, अगं, मोजणी गेली ना सगळी!

हे असंच ओरडलो. लिहून ठेवतोय, कारण काही दिवसांनी मी स्वतःला सांगेन की मी तिला हाक मारली.

ती खुर्चीत एका बाजूला कलली होती. ओठ निळे. लिफ्ट बंद. वॉचमनने आणि डेंटिस्टनी तिला खुर्चीसकट उचलून खाली आणलं. मी मागून येत होतो. एकही पायरी चढायची नव्हती, तरी मला धाप लागली.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी नर्सने अडवलं. नातेवाईक कोण? फक्त नातेवाईकच आत येतील. डेंटिस्ट मागे सरकले. मी म्हटलं, मी. उगाच वाटलं की आता ही पुरावा मागणार.

५ मार्च

डॉक्टर म्हणतात, हृदय कित्येक महिन्यांपासून दमलेलं आहे. मला प्रश्न विचारत होते. जिना चढताना मध्ये थांबायच्या का? पाय सुजायचे का? झोपताना उशा जास्त लागायच्या? आडवं पडल्यावर खोकला? सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला येत होती. कुठल्याही परीक्षेत असं कधी झालं नव्हतं.

मुलगी पहाटे पोचली. मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी लिफ्टवाल्याला फोन करून काम ताबडतोब सुरू करायला सांगितलं. तो म्हणाला, आता मोटरची ऑर्डर द्यायची, मग चार-पाच आठवडे. सर, तुम्हीच तर थांबवलं होतंत. हो. लिफ्ट मी बंद ठेवली. मीच.

विक्रम तूर्त पुढे ढकलला.

११ मार्च

हिला साध्या वॉर्डात आणलंय. थोडं बोलते. तिला घरी जायचंय. मशीनवर कुणाचातरी कोट अर्धवट राहिलाय म्हणे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभराने नेऊ शकता, पण जिना अजिबात चढायचा नाही, एक पायरीसुद्धा नाही. मुलगी म्हणाली, मग चौथ्या मजल्यावर कसं नेणार? तळमजल्याची जागा भाड्याने बघू.

मी म्हटलं, भाड्याची जागा कशाला? मी आहे ना. दिवसाला चाळीस फेऱ्या करणारा माणूस आहे मी. पाठीवर घेऊन जाईन. हिने डोळे मिटले होते, पण हसत होती.

१३ मार्च, सकाळ

सराव सुरू. पिठाचं पोतं आणलं. हिच्या वजनाच्या निम्म्याहून कमी. सुरुवात हलकी असावी.

१३ मार्च, दुपार

पोतं पहिल्या मजल्यावर आहे. डेंटिस्टच्या दाराशी. त्यांनी दार उघडून पाहिलं, पाणी दिलं. आमचं बोलणं बंद होतं, ते आता सुरू झालं. पोतं वॉचमनने वर आणून दिलं.

कारण उघड आहे. दहा दिवसांचा खंड पडलाय. आधी पूर्वीचा फॉर्म परत आणायचा, मग वजन. उद्यापासून नुसत्या फेऱ्या. मोजायला कुणी नाही, तर मी स्वतः मोजेन. दर फेरीला एक बटण.

१४ मार्च

नऊ ते अकरा. नेहमीचा वेळ. घड्याळ लावून गेलो होतो. पातेल्यात बटणं पंधरा.

१५ मार्च

जिवाच्या आकांताने चढलो. नऊ ते अकरा. सोळा.

खुर्चीत बसून राहिलो. डेंटिस्टचं यंत्र त्या दिवशी अठरा म्हणत होतं. ते बरोबरच होतं. मग माझ्या चाळीस फेऱ्या गेल्या कुठे?

वॉचमनला विचारलं. त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, बाई कधीकधी दोन-दोन, तीन-तीन टाकायच्या साहेब. मला वाटलं तुमच्यात तसाच हिशोब असतो. दोन पायांची दोन.

१६ मार्च

भेटायच्या वेळेत मुलगी चहाला गेली तेव्हा हिला विचारलं. बटणं जास्तीची टाकायचीस का?

आधी चादरीची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाली, काय करणार? तुम्ही थांबायचं नावच घेत नव्हतात. आणि मला बसवत नव्हतं हो. घरी जाऊन पडावंसं वाटायचं. आकडा मोठा झाला की तुम्ही खूश होऊन घरी यायचात.

मी म्हटलं, मग सांगायचंस ना, थांबा म्हणून. मी थांबलो असतो. तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या बोटाला सुई टोचून टोचून झालेली ती खरखर.

म्हणजे पातेल्यातलं प्रत्येक जास्तीचं बटण, आता पुरे, असं म्हणत होतं. टण्ण वाजायचं. आणि मला वाटायचं, टाळी पडली.

१८ मार्च

तळमजल्याची जागा पाहिली. हॉस्पिटलजवळ, दोन खोल्या, दारात एक पायरीसुद्धा नाही. खिडकीशी मशीन मावेल. मुलीने सगळं ठरवलं, मी फक्त हो म्हणालो. हिला सांगितलं. म्हणाली, खिडकी कुठल्या बाजूला? उजव्या, म्हटलं. म्हणाली, मग ठीक आहे, उजेड डावीकडून पडेल असं मशीन फिरवून घेऊ.

बरी होतेय. नक्की. तिच्या ताईंना फोन करून सांगितलं, पुढच्या महिन्यात येतोय. गाडीची वेळ त्या सांगायला लागल्या. मी म्हटलं, मला माहितीय.

२१ मार्च

सकाळी ती गेली.

मी चहा आणायला खाली उतरलो होतो. हॉस्पिटलची लिफ्ट चालू असते. तरी सवयीने जिना धरला. येताना दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो. वॉर्ड तिसऱ्यावर. पोचलो तेव्हा मुलगी पलंगाशी उभी होती आणि नर्स पडदा ओढत होती.

फार वेळ थांबलो नव्हतो. पण थांबलो होतो.

६ एप्रिल

मुलगी परत गेली. मला घेऊन जाणार म्हणत होती. म्हटलं, बघू, लिफ्टचं काम चालू आहे, सेक्रेटरी इथे हवा. तिने वाद घातला नाही. जाताना म्हणाली, बाबा, जेवत जा.

मंडळाचं पत्र आलं. पुढची तारीख कळवा म्हणतात. कपाट उघडलं तर पोस्टमास्तर समोर. पहिल्यांदाच त्या फोटोतली मागची बाई नीट पाहिली. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. त्याच्या पाठीकडे बघतेय. टॉवेल उलगडून धरलाय, तो मागे वळला की द्यायला.

अर्धवट राहिलेल्या कोटाचं गिऱ्हाईक आलं होतं. चार मजले चढून. कोट तसाच दिला. एक बटण राहिलं होतं. म्हणाले, असू दे.

१५ एप्रिल

लिफ्ट सुरू झाली. डेंटिस्ट म्हणाले, सेक्रेटरीसाहेब, पहिले तुम्ही बसा. मी म्हटलं, मला जिनाच बरा. हे मात्र पहिल्यांदाच खरं नव्हतं. मला लिफ्टमध्ये उभं राहवलं नाही, एवढंच. काही सेकंदांत चौथा मजला येतो. एवढंसं काम होतं.

१८ एप्रिल

जिन्याने आता कोणी येत नाही. खुर्ची अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे, कुणी हलवलेली नाही. खाली तिचा डबा आणि पातेलं.

मंडळाला कळवलं, माझ्याकडे साक्षीदार नाही.

सकाळी नऊला तळमजल्यावरून निघालो. गच्चीपर्यंत गेलो, खाली आलो, परत दुसऱ्यापर्यंत चढून खुर्चीत बसलो. पातेल्यात एक बटण टाकलं. बराच वेळ बसलो. मग तिची दोन टाकली, आणि घरी गेलो.